मॅजिकमधला पत्ते ओढणारा निळा डेक: कसा बांधायचा आणि कसा खेळायचा

जळगावला आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी बसतो, भुसावळहून दोघं पॅसेंजरने येतात, धुळ्याचा एक जण महिन्यातून एकदा बसने येतो. आणि नवीन पोरगं आलं की पहिल्या दोन डावांत त्याचं लक्ष निळ्या डेककडेच (डेक म्हणजे खेळायला आणलेला आपला पत्त्यांचा गठ्ठा) जातं, कारण समोरचा सारखे पत्ते उचलतोय आणि आपण हातात दोन पत्ते धरून बसलोय. मग विचारतात, दादा हा डेक कसा बनवायचा. प्रत्येकाला तोंडी सांगून सांगून अर्धं राहून जातं, म्हणून एकदा सगळं नीट लिहितोय.

गेम आहे मॅजिक द गॅदरिंग, फॉरमॅट (म्हणजे कोणते पत्ते चालतात त्याचा प्रकार) पॉपर. पॉपर म्हणजे कधी ना कधी कॉमन, म्हणजे सहज मिळणारे, म्हणून छापलेलेच पत्ते चालतात. २०१९ मध्ये कंपनीने हा फॉरमॅट कागदी पत्त्यांसाठी पण अधिकृत केला. आपल्याकडे हाच खेळा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण एकेका रेअर पत्त्याला पैसे घालवण्यात अर्थ नाही आणि इथे डेक स्वस्तात उभा राहतो, शिवाय तो कमजोर अजिबात नसतो. फक्त बांधायच्या आधी बॅन लिस्ट (बंदी असलेल्या पत्त्यांची यादी) एकदा बघून घ्या, ती मधून मधून बदलते.

ज्यांना नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी पटकन: डेक कमीत कमी ६० पत्त्यांचा, बेसिक लँड (जमिनीचे साधे पत्ते, आयलंड त्यातलाच) सोडून एका नावाचे जास्तीत जास्त ४, सुरुवातीला हातात ७, लाइफ २०, दर टर्नला एक पत्ता उचलायचा आणि एक लँड टाकायचा. लँडमधून माना मिळतो, बाकीचे पत्ते टाकायची किंमत मानात द्यायची. जो पहिला सुरू करतो तो पहिल्या टर्नला उचलत नाही. टर्न संपताना हातात ७ पेक्षा जास्त असतील तर जास्तीचे टाकून द्यायचे. आणि डेक संपलाय, तरी उचलायची वेळ आली तर डाव हरलात. हा शेवटचा नियम आपल्या डेकसाठी महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा.

आता पत्ते ओढणं, म्हणजे डेकमधून जास्तीचे पत्ते उचलणं, एवढं भारी का मानतात. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्डने गेम काढला तेव्हा पाच रंगांत पाच पत्ते होते, प्रत्येकाला एकच माना लागायचा आणि प्रत्येक जण काहीतरी ३ द्यायचा. लाल रंगाचा लायटनिंग बोल्ट ३ डॅमेज, काळ्याचा डार्क रिच्युअल ३ माना, हिरव्याचा जायंट ग्रोथ प्राण्याला +३/+३ (पहिला आकडा मारायची ताकद, दुसरा मार सोसायची), पांढऱ्याचा हीलिंग साल्व ३ लाइफ, आणि निळ्याचा अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल ३ पत्ते. कागदावर पाचही सारखे वाटतात ना? पण आज हीलिंग साल्व कुणी डेकमध्ये घालत नाही आणि अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल हा गेममधल्या सगळ्यात ताकदवान नऊ पत्त्यांत मोजला जातो. एका पत्त्याचे तीन झाले की पुढे तुम्हाला तीन वेळा काहीतरी करता येतं, समोरच्याला एकदाच. दुसऱ्या गेममध्ये पण तेच आहे, यु-गि-ओ मध्ये पॉट ऑफ ग्रीड नावाचा पत्ता नुसते दोन पत्ते उचलायला देतो, बदल्यात काही मागत नाही, आणि तो कित्येक वर्षं बॅन आहे.

पण इथेच नवीन मुलं चुकतात. पत्ते ओढायचा डेक म्हणून चाळीस ओढायचे पत्ते भरतात, हात भरून जातो आणि मैदानात काहीच नाही. धुळ्याचा मित्र अहिराणीत म्हणतो, "पत्ता खेचीसन काय करशी भो?" हा प्रश्न प्रत्येक पत्ता डेकमध्ये घालताना स्वतःला विचाराच. ओढणं फुकट नसतं, त्याला माना लागतो, म्हणजे तेवढा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा मैदानात प्राणी उभे करतोय. रावेर-यावलकडे केळीला ठिबकने पाणी देतात तसं हे ओढणं पाहिजे, थोडं थोडं, रोज, मुळाशी. एकदम पाट फोडून दिला तर पाणी पण जातं आणि खत पण वाहून जातं.

म्हणून मी जो डेक सांगतोय त्यात ओढायचे पत्ते बहुतेक एका मानाचे आहेत, आणि ओढून झाल्यावर ते वाया जात नाहीत, ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात, पडून तेच मोठा राक्षस स्वस्त करतात. ह्याला मोनो ब्लू टेरर म्हणतात. माझी लिस्ट अशी:

लँड: आयलंड १६.
प्राणी: डेल्व्हर ऑफ सीक्रेट्स ४, टोलेरियन टेरर ४, क्रिप्टिक सर्पंट ३.
ओढायचे आणि निवडायचे: ब्रेनस्टॉर्म ४, पाँडर ४, थॉट स्कावर ४, मेंटल नोट ४, लोरियन रिव्हील्ड ४, प्रीऑर्डेन २, डीप अ‍ॅनालिसिस २.
अडवायचे: काउंटरस्पेल ४ (दोन मानात समोरच्याचा स्पेल, म्हणजे तो टाकत असलेला पत्ता, रद्द करतो), व्हेपर स्नॅग ३, स्पेल पिअर्स २.

बरोबर ६० होतात. आता कोण काय करतं ते बघू, कारण नुसती लिस्ट कॉपी करून डेक खेळता येत नाही.

टोलेरियन टेरर हा आपला मुख्य माणूस. ५/५ चा, छापील किंमत ७ माना, पण तुमच्या ग्रेव्हयार्डमधल्या प्रत्येक इन्स्टंट (कधीही टाकता येणारा स्पेल) आणि सॉर्सरी (फक्त आपल्याच टर्नला टाकता येणारा स्पेल) मागे १ माना कमी. सहा पडलेले असतील तर एका निळ्या मानात ५/५ उभा. वर त्याला वॉर्ड २ आहे, म्हणजे समोरच्याने त्याच्यावर स्पेल टाकला तर दोन माना जास्तीचे द्यायचे नाहीतर स्पेल फुकट गेला. क्रिप्टिक सर्पंट ६/५, तो पण तसाच स्वस्त होतो, फक्त दोन निळे माना कायम लागतात आणि वॉर्ड नाही, म्हणून तो ३ ठेवलाय.

थॉट स्कावर आणि मेंटल नोट दिसायला साधे आहेत, डेकवरचे दोन पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये आणि एक पत्ता हातात, एका मानात. हातातला एक गेला एक आला, म्हणजे फायदा शून्य, असं वाटतं. पण हिशोब करा. आपल्या ६० मध्ये इन्स्टंट-सॉर्सरी ३३ आहेत, म्हणजे ५५ टक्के. दोन पत्ते पडले की सरासरी एकापेक्षा थोडे जास्त स्पेल पडणार, आणि मेंटल नोट स्वतः पण तिथेच जाऊन पडणार, म्हणजे एका मेंटल नोटमागे टेरर साधारण २ मानाने स्वस्त. असे तीन खेळले की टेरर १ मानावर आला. थॉट स्कावर कुणावर टाकायचा ते तुम्ही निवडता, आपल्यावरच टाका, एक प्रसंग सोडून, तो पुढे सांगतो.

लोरियन रिव्हील्ड २०२३ साली आला आणि माझ्या मते ह्या डेकला सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला. पाच मानात तीन पत्ते देतो, ते डाव लांबला तरच. खरी मजा अशी की एक माना देऊन तो हातातून टाकून द्यायचा आणि डेकमधून आयलंड शोधून घ्यायचा. म्हणजे सुरुवातीला तो लँड आहे, शेवटी तीन पत्ते आहे, आणि दोन्ही वेळा सॉर्सरी म्हणून ग्रेव्हयार्डमध्ये मोजला जातो. म्हणूनच १६ लँडवर डेक चालतो, खरं तर २० आहेत. सुरुवातीच्या सातात नुसते आयलंड सरासरी दोनच्या आत येतात, लोरियन धरला तर सव्वादोनच्या वर. अजून एक, आयलंड शोधला की डेक पिसावा लागतो, हे पिसणं ब्रेनस्टॉर्मसाठी सोन्यासारखं आहे.

ब्रेनस्टॉर्मवर जरा थांबतो, कारण ह्या पत्त्यावरून खेळणारा ओळखू येतो. तीन उचला, मग हातातले कोणतेही दोन परत डेकच्या वर ठेवा, एक माना, इन्स्टंट. नवीन माणूस पहिल्याच टर्नला टाकतो. तीन उचलले, दोन नको असलेले वर ठेवले, आणि पुढचे दोन टर्न तेच नको असलेले पत्ते परत हातात येतात. म्हणजे स्वतःच स्वतःला अडकवलं. ब्रेनस्टॉर्म टाकायचा तो वर ठेवलेले दोन पत्ते हलवायची सोय हातात असेल तेव्हा, म्हणजे लोरियन असेल तर आयलंड शोधून डेक पिसून टाका, नाहीतर मेंटल नोट किंवा थॉट स्कावर असेल तर ते दोन पत्ते सरळ ग्रेव्हयार्डमध्ये पाठवा आणि ताजा पत्ता उचला. हे जमलं की एका मानात तीन चांगले पत्ते, अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉलच्या जवळपास. आणि त्यासाठी एक सवय लावून घ्या, मैदानात चार-पाच आयलंड झाले की जास्तीचा लँड हातातच ठेवा, तोच ब्रेनस्टॉर्मने परत टाकायला कामी येतो.

मागच्या महिन्यातला एक टर्न सांगतो म्हणजे डोळ्यासमोर येईल. समोर भाचा, काळा डेक, त्याचे दोन प्राणी मैदानात, माझं लाइफ ११. माझे चार आयलंड, ग्रेव्हयार्डमध्ये तीन स्पेल, हातात ब्रेनस्टॉर्म, मेंटल नोट, लोरियन आणि टेरर, लँड नाही. पहिल्या आयलंडवर ब्रेनस्टॉर्म, आले आयलंड, आयलंड, काउंटरस्पेल. परत काय ठेवायचं? दोन आयलंड ठेवावेसे वाटतात, पण पाचवा आयलंड टाकायचाय, म्हणून एक आयलंड आणि लोरियन वर ठेवले. हातातला आयलंड मैदानात, दुसऱ्या मानात मेंटल नोट, ते दोन्ही वरचे पत्ते खाली पडले आणि नवीन पत्ता हातात आला डेल्व्हर. आता मोजा: आधीचे तीन, ब्रेनस्टॉर्म चार, मेंटल नोट पाच, लोरियन सहा. टेरर एका मानात उतरला आणि दोन आयलंड मोकळे राहिले काउंटरस्पेलसाठी. भाच्याने त्याच्या टर्नला टेररला मारायला स्पेल काढला, वॉर्डचे दोन माना पण भरले, सगळे माना त्यात गेले, आणि मी काउंटरस्पेल दाखवला. पुढचे चार टर्न त्याला ५/५ ला उत्तर सापडलं नाही. तो लोरियन हातात धरून बसलो असतो तर टेररला एक माना जास्त लागला असता आणि काउंटरस्पेल टाकता आलाच नसता.

पाँडर आणि प्रीऑर्डेन सॉर्सरी आहेत, आपल्याच टर्नला टाकता येतात. पाँडर वरचे तीन बघू देतो, हव्या त्या क्रमाने ठेवा नाहीतर पिसा, मग एक उचला. तिन्ही भंगार असतील तर पिसायला लाजू नका. पहिल्या टर्नला काही टाकायचं असेल तर पाँडर टाका नाहीतर डेल्व्हर. डेल्व्हर १/१ असतो, आपल्या दर टर्नच्या सुरुवातीला डेकचा वरचा पत्ता बघायचा, इन्स्टंट किंवा सॉर्सरी निघाला तर दाखवायचा आणि तो उलटून ३/२ उडणारा होतो. ५५ टक्के वेळा आपोआप होतं, आणि वर स्पेल ठेवायला पाँडर-ब्रेनस्टॉर्म आहेतच.

डीप अ‍ॅनालिसिस दोनच ठेवलेत. हातातून टाकला तर चार मानात दोन पत्ते, फार महाग. पण मेंटल नोटने ग्रेव्हयार्डमध्ये पडला की तिथूनच दोन माना आणि ३ लाइफ देऊन टाकता येतो, म्हणजे हातातला पत्ता न घालवता दोन पत्ते. फक्त नंतर तो गेममधून बाहेर जातो, टेररच्या मोजणीतून एक कमी होतो, म्हणून टेरर आधी उतरवा, मग हा. लाल डेकसमोर ३ लाइफ देताना दहा वेळा विचार करा.

व्हेपर स्नॅग प्राणी परत हातात पाठवतो आणि १ लाइफ घेतो, स्पेल पिअर्स समोरच्याने २ माना दिले नाहीत तर प्राणी सोडून बाकी कुठलाही स्पेल अडवतो. ह्यावर जास्त बोलायची गरज नाही, वेळ काढायला आहेत.

खेळताना माझा क्रम साधारण असा असतो. पहिले दोन टर्न ग्रेव्हयार्ड भरायचं आणि लँड गाठायचे. तिसऱ्या टर्नपासून प्रत्येक वेळी ठरवायचं की आपल्या टर्नला माना खर्च करायचे की काउंटरस्पेलसाठी दोन मोकळे ठेवायचे. मोकळे ठेवले आणि समोरच्याने अडवण्यासारखं काही टाकलं नाही, तर त्याचा टर्न संपता संपता थॉट स्कावर, मेंटल नोट किंवा ब्रेनस्टॉर्म टाका. हे इन्स्टंट असल्याचा सगळा फायदा इथेच आहे, माना वाया गेला नाही आणि समोरच्याला शेवटपर्यंत कळलं नाही हातात काय आहे. घाईत आपल्याच टर्नला सगळे ओढायचे पत्ते टाकून रिकामे बसणारे मी खूप बघितलेत, पुढच्या टर्नला मार खातात.

सुरुवातीचा हात कोणता ठेवायचा? दोन आयलंड आणि पाँडर किंवा प्रीऑर्डेन असेल तर मी ठेवतो. एक आयलंड आणि लोरियन असेल तरी ठेवतो, पहिल्या मानावर लोरियन टाकून दुसरा आयलंड मिळतो. दोन टेरर, सर्पंट, दोन काउंटरस्पेल आणि दोन आयलंड हा हात दिसायला भारी पण ठेवू नका, ओढायला एक पत्ता नाही. नवीन सात उचला, एक डेकखाली ठेवा, सहावर खेळा. चार कॉपी असलेला एखादा ठराविक पत्ता पहिल्या सातात सापडायची शक्यता साधारण ४० टक्के असते, पंधरा पत्ते बघितले की ती ६९ वर जाते, आणि हा डेक बाकीच्यांपेक्षा कितीतरी लवकर पंधरावर पोचतो. म्हणून सुरुवातीला टेरर हातात नसला तरी काळजी करू नका.

समोरच्याने रेलिक ऑफ प्रोजेनिटस सारखा ग्रेव्हयार्ड साफ करणारा पत्ता टाकला तर? मग भरून ठेवायची वाट बघू नका, चार मानाचा टेरर मिळत असेल तर चारला उतरवा. आणि टेरर टाकून माना भरून झाल्यावर त्याने ग्रेव्हयार्ड साफ केलं तरी किंमत परत वाढत नाही, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं, भांडणं होतात ह्यावरून.

थॉट स्कावरचा तो प्रसंग: समोरच्याने ब्रेनस्टॉर्म किंवा पाँडर टाकून वर हवे ते पत्ते रचून ठेवले असतील, तर थॉट स्कावर त्याच्यावर टाका, रचलेले दोन्ही खाली. आणि डाव फारच लांबला तर स्वतःचा डेक मोजत राहा. दहाच्या खाली आला की मेंटल नोट बंद.

साइडबोर्डला, म्हणजे दोन डावांच्या मध्ये अदलाबदल करायच्या जादा पत्त्यांना, १५ जागा असतात. आमच्याकडे लाल डेक जास्त खेळतात म्हणून मी लाल पत्ते अडवणारा हायड्रोब्लास्ट ४ ठेवतो, तुम्ही तुमच्या ग्रुपमध्ये काय खेळतात ते बघून भरा.

पत्ते मिळेपर्यंत थांबू नका. साध्या कागदावर नाव, किंमत आणि काय करतो ते लिहा, जुन्या पत्त्यापुढे स्लीव्हमध्ये (पत्त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये) सरकवा आणि खेळा. अधिकृत स्पर्धेत चालत नाही पण घरी शिकायला पूर्ण चालतं, मी पहिले तीन महिने असाच खेळलो. स्लीव्ह ७५ लागतील, थोड्या जास्तच घ्या, हा डेक सारखा पिसावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे कूलरसमोर पत्ते मांडू नका, दमट हवेने खास करून चमकणारे फॉइल पत्ते वाकतात आणि मग पिसताना ते वेगळे ओळखू येतात. आणि शेवभाजी आधी खाऊन हात साबणाने धुऊन मग बसा, तर्रीचा डाग स्लीव्हवरून जात नाही.

मग एकट्याने बसून पंधरा डाव काढा, समोर कुणी नको. प्रत्येक डावात वहीत दोनच गोष्टी लिहा: पहिला टेरर किंवा सर्पंट कितव्या टर्नला उतरला आणि तेव्हा किती माना मोकळे होते. माझ्याकडे चौथा किंवा पाचवा टर्न येतो. तुमचा सारखा सहा-सात येत असेल तर ब्रेनस्टॉर्म कधी टाकताय ते आधी तपासा, लिस्टला हात नंतर लावा.